गोव्याची सहल: पॅकेजबाहेरचं खाणं-पिणं आणि मौजमजेचा खर्च, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याची. पुणे, सांगली, कोल्हापूर, नाशिककडून येणाऱ्या गटांबरोबर गोवाभर फिरणं हे माझं काम. सहलीआधी फोन येतात ते हॉटेल कसं आहे, बस एसी आहे का, हे विचारायला. सहलीनंतरचे फोन वेगळे असतात: "ताई, पॅकेजचे पैसे तर आधीच भरले होते, मग हे बाकीचे गेले कुठे?" खालचे प्रश्न बहुतेक त्याच फोनांवरचे आहेत. रकमा माझ्या अनुभवातल्या, साधारण अंदाजाच्या आहेत. नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यात त्या धरून चालू नका, तेव्हा सगळंच चढतं.

पॅकेजमध्ये 'जेवण समाविष्ट' लिहिलंय. मग वेगळे पैसे कशाला?

कोणतं जेवण समाविष्ट, ते कागदावर दोन-तीन इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. 'सीपी' असेल तर फक्त सकाळचा नाश्ता. 'एमएपी' म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुधा रात्रीचं. 'एपी' असेल तरच तिन्ही वेळा. माझ्याकडे येणारे बहुतेक गट एमएपीचे असतात, कारण दुपारी बस मंगेशीला असेल की कळंगुटला, हे हॉटेलला काय ठाऊक? म्हणजे दुपारचं जेवण तुमच्या खिशातून.

रात्रीच्या बुफेत भात, पोळी, डाळ, दोन भाज्या, एक चिकन आणि काहीतरी गोड असतं. मासळी असलीच तर बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण. इसवण, म्हणजे तुमची सुरमई, तिथे क्वचितच दिसते. मग "गोव्यात येऊन मासे नाही खायचे?" असं म्हणत माणसं भरलेला बुफे सोडून बाहेर जेवायला जातात आणि एकाच जेवणाचे दोनदा पैसे मोजतात. बाटलीबंद पाणी, शीतपेयं, दारू, खोलीतल्या फ्रिजमधला खाऊ हेही बहुतेक पॅकेजांत धरलेलं नसतं. फ्रिजमधल्या चॉकलेटचं बिल खोली सोडताना येतं, तेही मुलांसमोर.

मग माणशी किती रक्कम वेगळी काढावी?

तीन रात्री, चार दिवस, एमएपी आणि दारू नाही, असं धरून मी गटाला हिशेब देते. चार दुपारची जेवणं, प्रत्येकी ३०० प्रमाणे १,२००. चहा, भजी, शहाळं, आइस्क्रीम यांना रोज १२०, म्हणजे ४८०. पाणी रोज ४०, म्हणजे १६०. मांडवी नदीतली बोटीची फेरी साधारण ५००. एका संध्याकाळी बाहेर मासे खायला ६०० आणि त्या संध्याकाळच्या टॅक्सीतला वाटा ३००. टीप रोज ५०, म्हणजे २००. बेरीज ३,४४०. साडेतीन हजार धरा.

यात पॅराग्लायडर, जेट स्की, कॅसिनो, दूधसागर काहीच नाही. त्यांतलं एक निवडा आणि त्याचे आणखी दीड-दोन हजार घाला, कॅसिनो असेल तर जास्त. 'एक निवडा' हे मी मुद्दाम म्हणते. चार दिवसांत चारही करणारी कुटुंबं पाहिली आहेत. तिसऱ्या दिवशी मुलं बसमध्ये झोपलेली आणि वडील मोबाइलवर बँकेची शिल्लक बघत बसलेले.

मेनूकार्डावर माशापुढे भावच नसतो, 'साइझप्रमाणे' लिहिलेलं असतं. हे काय?

या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, कारण गोव्यातलं बजेट बहुतेक वेळा याच ओळीवर फुटतं.

थाळीतल्या माशाचा भाव ठरलेला असतो. शीत म्हणजे भात, कडी म्हणजे माशाची आमटी, किसमूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, सोलकढी, एखादी भाजी, तिसऱ्या असल्या तर तिसऱ्या आणि तळलेला एक तुकडा, असं ताट साध्या खाणावळीत दोनशे-तीनशेत मिळतं. किनाऱ्यावर त्याचेच साडेतीनशे ते सहाशे होतात. अख्खा पापलेट, चणक म्हणजे तुमचा जिताडा, खेकडा, मोठी सुंगटं म्हणजे कोळंबी, यांचा भाव मात्र रोजचा आणि वजनाचा. त्यात फसवाफसवी नाही, बाजारातही मासळीचा भाव रोज बदलतो. फसगत होते ती न विचारल्याने.

एकदा दक्षिणेकडच्या एका शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या हॉटेलात, चौदा जणांचा गट घेऊन बसले होते. पोऱ्या तबकात बर्फावर मासे घेऊन आला आणि टेबलाभोवती फिरवू लागला. डोळा चकचकीत, कल्ला लालभडक, मासळी ताजी होती यात शंका नाही. गटातल्या एका काकांनी सगळ्यांसमोर मोठ्या चणकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हा द्या, रवा लावून." किती किलोचा, किलोला काय भाव, शिजवण्याचे वेगळे का, काही नाही. चौदा माणसं बघत असताना भाव विचारणं त्यांना हलकं वाटलं. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये ढोल वाजतोय. बिल आलं तेव्हा एकट्या चणकाचे २,८०० होते. मग कोणीतरी म्हणालं, "सरळ चौदा भाग करू." एका आजींनी त्या दुपारी सोलकढी आणि भातच घेतला होता. वाटणीत त्यांच्याही नावावर चणक आला.

तेव्हापासून मी बसमध्येच सांगते. तबक आलं की आधी किलोचा भाव विचारा, मग मासा तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा, मग 'तळून, मसाल्यासकट एकूण किती?' हे विचारा आणि ती रक्कम कागदावर लिहून घ्या. यात कोणालाही वाईट वाटत नाही. गोव्यातला माणूस मासळी बाजारात याहून जास्त घासाघीस करतो.

गटाचं बिल कसं वाटायचं?

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते सहलीच्या टेबलावर लागू पडतं. 'त्यांनी मागवलं, आपण नको कसं म्हणायचं' आणि 'सगळे सारखेच देऊ', या दोन वाक्यांनी जितके पैसे जातात तितके वॉटर स्पोर्ट्सवरही जात नाहीत.

माझी पद्धत अशी: पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून ५०० रुपये घेऊन एक सामायिक पाकीट करायचं. त्यातून फक्त पाणी, चहा, सगळ्यांनी खाल्लेली भजी आणि टीप. पाकीट सांभाळायला गटातली सगळ्यात कंजूस मावशी निवडायची, तिच्या तोंडी कोणी लागत नाही. मासे, दारू, वैयक्तिक काहीही ज्याचं त्याने वेगळ्या बिलावर. ऑर्डर देतानाच 'बिलं वेगळी' म्हणून सांगा. जेवण झाल्यावर सांगितलं तर वेटर कुरकुरतो आणि त्याचं चूक नाही.

गाइड सांगेल त्याच हॉटेलात जेवायचं का?

आमच्या धंद्यातली गोष्ट आहे, पण लपवण्यात अर्थ नाही. बस ज्या हॉटेलापुढे थांबते तिथे ड्रायव्हर आणि गाइड यांचं जेवण बहुधा फुकट असतं, काही ठिकाणी वर थोडं कमिशनही असतं. काजूच्या दुकानांचंही तसंच. त्यामुळे ती जागा वाईटच असते असं नाही. बस उभी करायला जागा, चाळीस माणसांना एका वेळी बसायची सोय, स्वच्छ स्वच्छतागृह हे सगळं गल्लीतल्या खाणावळीत मिळत नाही. पण तुम्ही चार-पाच जण असाल, तर "आम्ही पन्नास मिनिटांत इथेच येतो" म्हणून शेजारच्या खाणावळीत जायला पूर्ण मोकळीक आहे. स्थानिक माणसं दुपारी एकच्या सुमारास जिथे रांग लावतात, तिथे शिरा.

आम्ही शाकाहारी. आमचं बजेट कमी धरू का?

थोडं. गोव्यात शाकाहारी जेवणाला 'शिवराक' म्हणतात आणि हिंदू घरांत सोमवारी, श्रावणात, चतुर्थीला शिवराकच असतं, त्यामुळे ते मिळणार नाही ही भीती सोडा. फोंड्याच्या बाजूला मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही देवळं करायची असतात, तिथल्या आसपास खाणं साधं आणि स्वस्त मिळतं. सकाळी पातळभाजी-पाव, गोड बन, मिरचीची भजी. जमलं तर अळसांद्यांचं तोंडाक, म्हणजे चवळीची रस्साभाजी, आणि खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, चाखा. किनारपट्टीवर मात्र शाकाहारी माणसाला पनीर आणि फ्राइड राइस यांपलीकडे फारसं काही नसतं आणि त्याचेही किनाऱ्याचे भाव. म्हणून शाकाहाऱ्यांनी दुपारचं जेवण देवळाच्या दिवशी नीट करावं आणि समुद्राच्या दिवशी हॉटेलातला नाश्ता भरपेट.

पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेतले. तक्रार करू?

दुकानात घेतले असतील तर जरूर करा. बसून खायच्या हॉटेलात मात्र पदरी काही पडणार नाही: डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंट नुसतं पाणी विकत नाही, बसायची जागा आणि सेवाही देतं, त्यामुळे छापील किमतीचा नियम तिथे तसाच लागू होत नाही. उपाय सोपा आहे. बसमध्ये चढताना पाच लिटरचा कॅन घ्या, घरची बाटली भरत राहा. जेवायला बसल्यावर 'साधं पाणी' मागा.

बिलात सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी दोन्ही होते. द्यायचे का?

जीएसटी द्यावाच लागतो. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० च्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. मोठ्या रिसॉर्टच्या कॅफेत दोन कॉफ्या महाग का पडतात, त्याचं एक कारण हे. दारूवर जीएसटी नसतो, तिच्यावर राज्याचा वेगळा कर असतो, म्हणून बिलाचे दोन तुकडे दिसतात.

सर्व्हिस चार्जचं वेगळं. तो कर नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार तो आपोआप बिलात लावता येत नाही आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. "हा काढून द्या" एवढंच शांतपणे म्हणा. नाहीच काढला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. माझ्यासमोर बहुतेक वेळा पहिल्या वाक्यातच काढला गेलाय.

संध्याकाळ 'मोकळी' लिहिली आहे. त्यात काय खर्च येतो?

टॅक्सी. गोव्यात टॅक्सी महाग, रात्री जास्तच. बस संध्याकाळी हॉटेलवर सोडते आणि ड्रायव्हर झोपतो. मग हडफड्याचा शनिवारचा रात्रबाजार बघायचा तर जायचे आणि यायचे पैसे तुमचे, आणि परतीच्या टॅक्सीचा भाव रात्री अकरा वाजता रस्त्यावर उभं राहून ठरवायचा नसतो. जातानाच दोन्ही बाजूंचा मिळून ठरवा. ॲपवरचा दर बघून ठेवा म्हणजे बोलायला आधार मिळतो. एकटं-दुकटं जवळच जायचं असेल तर पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाला 'पायलट' सगळ्यात स्वस्त, आणि दिवसा कदंबाची बस.

मांडवीतल्या बोटीवर जेवण असतं का?

नसतं. तासाभराची फेरी, वर डीजे, मध्ये देखणी आणि कोरिदिन्यो असे नाच, मग मुलांना, जोडप्यांना स्टेजवर बोलावतात. खाऊ, शीतपेय काउंटरवर पैसे देऊन. दाटीवाटी असते, पण आजी-आजोबा सगळ्यात जास्त खुश इथेच होतात. हे तिकीट वाया गेलं असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही.

कॅसिनोत एकदा डोकावून यावं म्हणतो. किती लागतील?

प्रवेशच वारानुसार दोन-अडीच हजारांपासून पुढे, शुक्रवार ते रविवार जास्त. त्यात बुफे, पेयं, स्टेजवरचा कार्यक्रम आणि कधीकधी खेळायला थोड्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, धरलेल्या असतात. २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, म्हणजे कॉलेजातला मुलगा बाहेर. पायात चप्पल, अर्धी चड्डी असेल तर अडवतात.

माझा सल्ला: ते महागडं जेवण समजून जा. मोबाइल न्या, पण कार्ड हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवा आणि हरायची रक्कम रोख घेऊन जा. चिप्स संपल्या की वर जाऊन जेवा. आत काय चालतं ते मी पाहिलेलं नाही. आम्हा गोवेकरांना २०२० पासून तिथे खेळायला बंदी आहे, त्यामुळे मी गटाला कॅसिनोच्या बोटींच्या जेटीवर सोडते आणि समोरच्या गाड्यावर रस-आमलेट, म्हणजे रश्श्यातलं आमलेट, खाते. त्या आमलेटचे पैसे मी कधी हरलेले नाही.

वॉटर स्पोर्ट्सचं पॅकेज बसमध्येच विकतात. घ्यावं का?

चार-पाच खेळांचं 'कॉम्बो' माणशी दीड ते अडीच हजारांना विकलं जातं. विचारायचं एवढंच: प्रत्येक खेळ किती मिनिटांचा? बंपर राइड, बनाना राइड तीन-चार मिनिटांत आटपते. पॅराग्लायडिंग वेगळं आणि बोटीमागून उडवतात ते पॅरासेलिंग वेगळं, नावात घोळ घालून विकतात. व्हिडिओचे पैसे वरून मागतात. पोहायला न येणाऱ्यांनी, पाठीचा त्रास असणाऱ्यांनी खाली उभं राहून फोटो काढावेत, ते फुकट. जून ते सप्टेंबर हे खेळ बंद असतात.

दूधसागर?

कुळ्याहून जीप. जीपमध्ये सात माणसं बसतात आणि भाडं जीपचं असतं, म्हणून दोघंच असाल तर आणखी पाच शोधा किंवा पुरे पैसे भरा. वनखात्याचा प्रवेश आणि लाइफ जॅकेटचं भाडं वेगळं. तिथे रेंज जाते, यूपीआयच्या भरवशावर राहू नका. रोख हवी. पावसाळ्यात जीप बंद.

मसाल्याच्या बागेत जेवण मिळतं म्हणे.

हो, फोंड्याकडच्या बहुतेक बागांत तिकिटातच केळीच्या पानावर बुफे असतो. त्या दिवशी दुपारच्या जेवणाचे पैसे वाचतात. पॅकेजमध्ये बागेचं तिकीट धरलंय की फक्त 'भेट' लिहिलंय, ते आधी विचारा. 'भेट' म्हणजे बस फाटकापर्यंत जाईल.

आमच्याबरोबर आचारी आणि शेगडी आहे. किनाऱ्यावर स्वयंपाक करू का?

अजिबात नको. पर्यटनस्थळांच्या कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं दंडनीय आहे, आणि दंड हजारांत आहे. गाडी थांबवून पुलाव शिजवणाऱ्या गटाने जेवढे पैसे वाचवले, त्याच्या कितीतरी पट भरून आलेले मी पाहिले आहेत.

दारू स्वस्त आहे ना? मग बजेटमध्ये तिची काय गणना?

दुकानात स्वस्त, शॅकवर नाही. आणि स्वस्त म्हणून दुप्पट घेतली जाते, ते वेगळंच. मार्च ते मे दरम्यान आलात तर हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, मिळतो, लिंबू आणि मिरची घालून. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून भेट म्हणून न्यायच्या बाटल्या देखण्या आणि महाग झाल्या. परवान्याशिवाय बाटल्या घेऊन महाराष्ट्रात शिरू नका. बांद्याच्या पुढे इन्सुलीला तपासणी असते आणि तुमच्यामुळे अख्खी बस अडकते.

पावसाळ्यात स्वस्त पडेल का?

खोली स्वस्त, मासळी महाग. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नदीतली आणि खाडीतली मासळी मिळते, बाकी बाहेरची किंवा बर्फातली. शॅक काढून टाकलेले असतात. पण गोवा सगळ्यात सुंदर तेव्हाच दिसतो, हे माझं वैयक्तिक मत. २४ जूनला सांजांव असतो, डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून पोरं विहिरीत उड्या मारतात. बघायला पैसे पडत नाहीत.

पैसे न घालवता संध्याकाळ काढता येईल असं काही?

भरपूर आहे, फक्त कोणी विकत नाही म्हणून कोणी सांगत नाही. पणजी ते बेती किंवा रायबंदर ते चोडण फेरी बोट पायी जाणाऱ्याला फुकट. सूर्य बुडायच्या वेळी जा आणि त्याच बोटीने परत या. फोंताइन्हासच्या गल्ल्या, मिरामारचा किनारा, जुन्या गोव्याची चर्चं. फेब्रुवारीत कार्निव्हालच्या आणि मार्चच्या सुमारास शिगम्याच्या मिरवणुका रस्त्यावरच असतात. आणि हिवाळ्यात आलात तर पेडण्याकडच्या गावांत देवळाच्या उत्सवात काल्याच्या रात्री दशावतारी नाटक रंगतं, देवळासमोर, मराठीत. एकदा साताऱ्याच्या गटाला नेलं होतं. रात्री दीडला संकासुराचं सोंग आलं आणि कॅसिनोचं तिकीट काढलेले दोघे जागचे हलले नाहीत.

टीप किती?

ड्रायव्हर, क्लीनर आणि गाइड मिळून माणशी रोज ५० पुरे. शेवटच्या दिवशी एकत्र द्या. दर जेवणाला वेटरच्या हातावर ठेवायची गरज नाही.

पैसे उरलेच तर?

शुक्रवार असेल तर म्हापशाचा बाजार. खोल्याच्या मिरच्या, मयड्याची केळी, एप्रिल-मेमध्ये मानकुराद आंबे, सकाळची ताजी पोई, म्हणजे गोव्याचा पाव. काजू तिथेच किलोवर घ्या, आणि खारवलेला आहे की साधा हे चाखून. सुके बांगडे, सुकी सुंगटं घेतलीत तर दोन पिशव्यांत बांधून बसच्या डिकीत ठेवायला द्या. एसी बसमध्ये पायाशी ठेवलीत तर कराडपर्यंत शेजारची माणसं तुमच्याशी बोलणार नाहीत.